खाडा

गरोदरपणात मनात आलेली शंका किती खरी मानायची? प्रश्न माझा स्वतःचा आहे, पण विचार करत गेले तसे दिसले की तो माझ्यापुरता नाही. मी जीएनएमच्या, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या तीन वर्षांतले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे असतात; ते सध्या सुरू आहेत. मला सातवा महिना लागला आहे. आणि गेले काही आठवडे मला वाटते आहे की हे काम मी आयुष्यभर करू शकणार नाही, कदाचित करूही नये.

हे ज्यांना सांगितले त्यांच्याकडून दोनच उत्तरे मिळाली. घरचे म्हणाले, या दिवसांत मन हळवे होते, बाळंत झालीस की सगळे जागेवर येईल. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, शेवटच्या वर्षी प्रत्येकीला असे वाटते, तू काही पहिली नाहीस. दोन्ही उत्तरे मायेने दिलेली होती. पण शंकेत काय म्हटले आहे, ते दोन्हीकडे कोणी ऐकले नाही. एकीकडे ती शरीरातून आली म्हणून खोटी ठरली, दुसरीकडे ती सगळ्यांना येते म्हणून किरकोळ. खरे तर जी शंका प्रत्येक बॅचमधल्या प्रत्येक मुलीला येते, तिची चौकशी जास्त व्हायला हवी. आणि शरीराचे म्हणणे खोटे धरू नये, हे तर आमच्या शिक्षणातले पहिले पाठ आहेत. रुग्ण 'दुखतंय' म्हणाला की ते नोंदवायचे, त्याच्याशी वाद घालायचा नाही.

म्हणून मी माझी शंका नोंदवून पाहिली. तिचे तीन पदर निघाले.

पहिला भीतीचा. वॉर्डात क्षयाचे रुग्ण असतात, कांजिण्या झालेले मूल येते, सुई टोचण्याची धास्ती तर रोजची. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांना इजा होऊ शकते, हे आम्ही पेपरात लिहितो. कॅन्सरची औषधे गरोदर नर्सने हाताळू नयेत, एक्स-रे चालू असताना तिथे थांबू नये, हेही लिहितो. दुसरा पदर थकव्याचा. आठवड्याचे ४८ तास, त्यात नाइट. पेशंटला कुशीवर वळवणे, स्ट्रेचरवरून खाटेवर घेणे, आणि या सगळ्यात बसायला मिळेलच असे नाही. तिसरा पदर पैशाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिन्याला किमान २० हजार रुपये मिळावेत. आमच्या माजलगावसारख्या तालुक्याच्या गावात खासगी दवाखाने बहुतेक याच मापाचे. माझ्या आधी पास झालेल्या, ओळखीच्या मुलींना त्यांत मिळणारा पगार या आकड्याच्या निम्म्यावरही जात नाही.

हे तीन पदर मी वेगवेगळे करून लोकांसमोर ठेवले तेव्हा एक गंमत दिसली. भीती सगळ्यांना लगेच पटते, कारण ती बाळासाठी आहे. थकवा पटत नाही. तो आळशीपणाच्या जवळचा वाटतो. पैशाचे नाव काढले तर चेहरे बदलतात. म्हणजे मला चांगली आई ठरवणारी शंका चालते, पण कामगार ठरवणारी चालत नाही. याचे मूळ, मला वाटते, 'सेवा' या शब्दात आहे. नोकरीबद्दल शंका आली तर माणूस नोकरी तपासतो. सेवेबद्दल शंका आली तर माणसाने स्वतःला तपासायचे असते. सेवेत कमी पडले ते नेहमी आपले मन असते. ड्यूटीचा तक्ता कधीच कमी पडत नाही.

आमच्या कामातला एक प्रसंग या शब्दाची मर्यादा दाखवतो. प्रत्येक गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. त्यावर सल्ला असतो: रात्रीची आठ तासांची झोप आणि शिवाय दिवसा निदान दोन तास विश्रांती. डाव्या कुशीवर झोपा, जड उचलू नका, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. तपासणीच्या दिवशी ओळीने बसलेल्या बायकांना हे समजावून सांगण्याचे काम आम्हा विद्यार्थिनींचे. मी ते उभी राहून सांगते. माझ्याही पिशवीत तेच कार्ड असते. पुढे बसलेल्या बाईला माझे पोट दिसत असते आणि मी सांगते त्यातले मी काय काय करत असेन, याचा हिशेब ती मनात करत असते. एकीने तर विचारलेच, 'सिस्टर, तुमाला कुठं मिळतोय दोन तास?' आरोग्यशिक्षण खोटे नव्हते. फक्त ते सांगणारीला लागू नव्हते.

आता खाड्याबद्दल. आमच्या नियमाप्रमाणे प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरल्याशिवाय पदविका हातात पडत नाही. चुकलेला दिवस भरून द्यावा लागतो. हा नियम मला मुळात चुकीचा वाटत नाही. अर्धवट शिकलेल्या हाताने कोणी माझ्या बाळाची नाळ कापावी असे मला वाटणार नाही. पण चुकलेल्या दिवसाला आम्ही मुली जो शब्द वापरतो तो नर्सिंगच्या पुस्तकातला नाही. आम्ही म्हणतो, 'खाडा पडला.' बीड जिल्ह्यात हा शब्द फार वजनाचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. सिंदफणेवर धरण झाले, माजलगावच्या शिवारात ऊस आला, परिसरात कारखाने आले, तरी जाणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याला दंड. पाळी आली, ताप आला, पोटुशी बाई चालू शकली नाही, तरी खाडा तो खाडाच.

माझ्या सासूबाई वीस-बावीस हंगाम फडात होत्या. माझे पाय सुजलेले पाहून त्या एकदा म्हणाल्या, 'आगं, म्या आठव्यात मोळ्या वाहिल्या. तुला तर पंख्याखाली उभं ऱ्हायचंय.' हा माझ्या शंकेवरचा सर्वांत जड आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. माझ्या घरातच, माझ्यासमोर बसलेल्या बाईने याहून कितीतरी जास्त सोसले. मग पंख्याखालच्या उभे राहण्याची तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

याचे उत्तर सासूबाईंच्याच आयुष्यात आहे. तिशीनंतर थोड्याच वर्षांत त्यांची पिशवी काढली. तो विषय निघाला की त्या एवढेच म्हणतात, 'पिशवी काढली अन् खाडं बंद झालं.' त्या एकट्या नाहीत. २०१९ मध्ये हा प्रश्न राज्यभर गाजला, विधान परिषदेत आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य विभागाने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली; त्यांतल्या १३ हजार ८०० हून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणे एकच नव्हती. फडात ना पाणी, ना संडास, ना न्हाणीघर. त्यातून होणारे जंतुसंसर्ग, अंगावर काढलेली दुखणी, कॅन्सरची घातलेली भीती, शस्त्रक्रियेतून मिळणारे पैसे. पण या सगळ्यांच्या तळाशी कामाची एक अट होती: कामाला शरीर हवे, पण शरीराच्या अडचणी नकोत.

'मी सोसले, तूही सोस' या वाक्यात सोसणे हा पुरावा मानलेला असतो: बघ, होऊ शकते. पण ते झाले कसे, हे पाहिले की पुरावा उलटा पडतो. सासूबाईंनी मोळ्या वाहिल्या याचा अर्थ आठव्या महिन्यात मोळ्या वाहता येतात असा नाही. न वाहण्याची सोय नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. आणि सोय नसलेल्या शरीराचे शेवटी काय झाले तेही त्यांच्याच तोंडून ऐकलेले आहे. तेव्हा त्यांच्या कष्टांचा मान राखायचा तर त्यांचे कष्ट माप म्हणून वापरता कामा नयेत. हे मी त्यांना इतक्या शब्दांत बोलले नाही. पण मी एवढे विचारले, 'तुम्हाला तेव्हा कोणी दोन दिवस बस म्हणालं असतं तर?' त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'कोन म्हननार होतं?'

दवाखाना आणि उसाचा फड यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. फडातल्या बाईला रजिस्टर नाही, कायदा नाही, उद्या मिळणारी पदविका नाही. पण काम आणि बाईचे शरीर यांचा मेळ बसला नाही तर काय करायचे, याची जी उत्तरे जगाने शोधली त्यांत एक सारखेपणा आहे. काम जसेच्या तसे ठेवायचे आणि बाईमध्ये बदल करायचा. फडाने बाईची पिशवी काढली. नर्सिंगने अनेक वर्षे आणि अनेक देशांत वेगळा मार्ग धरला: लग्न झालेल्या बाईलाच कामावरून काढले.

'सिस्टर' हा शब्दच पाहा. तो ख्रिस्ती मठांतल्या, रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या जोगिणींकडून आलेला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये शाळा निघाली आणि आधुनिक नर्सचा साचा तयार झाला: होस्टेलमध्ये राहणारी, मेट्रनच्या शिस्तीतली, एकटी बाई. नाइटिंगेल स्वतः अविवाहित राहिली. आपल्याकडे हे काम बायकांसाठी खुले करताना सुधारकांनीही आधी कुणाकडे पाहिले? पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवले, ससून रुग्णालयात शिकायला पाठवले, त्यांत विधवा पुष्कळ होत्या. त्या काळी ते मोठ्या धाडसाचे काम होते आणि त्या बायकांना त्यातून भाकरी आणि मान दोन्ही मिळाले. तरी साचा तोच राहिला: जिच्या घरी वाट पाहणारे कोणी नाही, अशी बाई या कामाला योग्य.

हा साचा किती अलीकडेपर्यंत टिकला याचे उदाहरण लष्कराच्या नर्सिंग सेवेतले आहे. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये लग्न केल्याच्या कारणावरून सेवेतून कमी करण्यात आले. तसा नियमच होता. तो १९९५ मध्ये मागे घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२४ रोजी ही कारवाई मनमानी आणि भेदभावाची ठरवली आणि त्यांना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजे लग्न केलेली बाई नर्स राहू शकते, एवढे साधे वाक्य न्यायालयाकडून पदरात पडायला त्यांना ३६ वर्षे लागली.

या सगळ्याच्या आधी आपल्या गावांत दुसरा साचा होता, सुइणीचा. तो मला आठवावासा वाटतो, त्याचे उदात्तीकरण न करता. सुईण बहुतेकदा गावकुसाबाहेरची, तिच्या कामाला विटाळ चिकटलेला, मोबदला म्हणजे धान्य आणि लुगडे-चोळी. निर्जंतुक हात, रक्तस्राव थांबवणारे औषध यांतले तिच्याकडे काहीच नव्हते आणि त्यापायी किती बाया गेल्या असतील. त्या काळात परत जावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण तिचा अधिकार तिच्या स्वतःच्या बाळंतपणांतून येत असे. जिने कळा सोसल्या तिला कळांतले कळते, असे गाव धरून चालत असे. आमच्या शिक्षणात नेमके उलट आहे: माझे पोट ही माझ्या कामातली उणीव आहे, ड्यूटी लावणाऱ्यासमोरची अडचण आहे. सातव्या महिन्यात लेबर रूममध्ये उभी असताना मला टेबलावरच्या बाईच्या पाठीत कुठे दुखते ते आधीपेक्षा नीट कळते, हात कुठे ठेवायचा ते कळते. हे ज्ञान कुठल्या रकान्यात लिहायचे ते मला सापडलेले नाही.

दुसरा आक्षेप ऋणाचा आहे, आणि तो मी स्वतःच स्वतःला घेते. माझ्या फीचा पहिला हप्ता वडिलांनी उचलीतून भरला. बीड जिल्ह्यात प्रशिक्षित हात कमी आहेत. रात्री अवघडलेली बाई आली की कुठे एकच सिस्टर असते, आणि तिथून अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला पाठवेपर्यंत जीव टांगणीला लागतो. अशा ठिकाणी शिकलेल्या मुलीने 'मला शंका आहे' म्हणून बाजूला होणे योग्य आहे का?

ऋण खरे आहे. पण ऋण आणि उचल यांत फरक करायला हवा. कर्ज रुपयांत घेतो, रुपयांत फेडतो, ते कधी फिटले हे दोघांनाही कळते. उचल अंगमेहनतीने फेडायची असते, हिशेबाची वही मुकादमाकडे असते आणि हंगाम संपला तरी बाकी निघते. समाज नर्सला 'तुझ्यावर आमचे ऋण आहे' म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा उचलीची भाषा बोलत असतो: किती फेडायचे ते ठरलेले नाही, आणि फेडायचे ते शरीराने. ज्या समाजाला प्रशिक्षित हात खरोखर हवे आहेत त्याने त्या हातांच्या झोपेची, पगाराची, बाळंतपणाची सोय केली असेल तर त्याने ऋणाची आठवण करून द्यावी. ते नसेल तर निघून जाणाऱ्या मुलीला कृतघ्न म्हणता येत नाही. आणि टिकून राहणारीला थोर म्हणण्याचीही घाई करू नये. तिला जायला जागा नसेल, ही शक्यता आधी तपासावी.

अमेरिकन तत्त्वज्ञ ईव्हा फेडर किटे यांचे 'लव्ह्ज लेबर' हे पुस्तक १९९९ मध्ये आले. त्यांची मुलगी जन्मापासून पूर्णपणे दुसऱ्यांवर अवलंबून आहे; त्या अनुभवातून त्यांनी न्यायाचा विचार केला. त्यांचे म्हणणे असे की जी दुसऱ्याची काळजी घेते तिचे स्वतःचे बळ त्यात खर्ची पडते, म्हणून तिची काळजी घेणारे आणखी कोणी असणे ही न्यायाची अट आहे, उपकार नव्हे. या तत्त्वाला त्यांनी 'डूलिया' असे नाव दिले. ते आले 'डूला'वरून, म्हणजे बाळंतिणीची काळजी घेणारी बाई, जी बाळाला नव्हे तर बाळाच्या आईला सांभाळते.

मराठी वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना बाजेवर, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. बाळाला आई पाहील, आईला तिची आई पाहील, हे आपल्याला शतकानुशतके ठाऊक आहे. पण या रीतीत एक भोक आहे आणि ते बीडमध्ये स्पष्ट दिसते. माझी आई हंगामात टोळीबरोबर असते. ती माझ्या बाळंतपणाला आली तर तिचा कोयता अर्धा होतो. म्हणजे माझी विश्रांती तिच्या खाड्यातून येते. काळजीची ही साखळी एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे जात राहते आणि शेवटची कडी नेहमी सर्वांत गरीब बाईच्या पायात असते. किटे यांचा मुद्दा मला इथे महत्त्वाचा वाटतो: ही सोय नात्यातल्या बायकांच्या प्रेमावर सोडून चालत नाही, ती व्यवस्थेत असावी लागते. कायद्याने हे नोकरदार बाईसाठी मान्य केले आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाली. पण विद्यार्थिनी नोकर नसते. ती वॉर्डात काम करते, तक्त्यात तिचे नाव असते, तरी ती शिकते आहे म्हणून रजेच्या बाहेर. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर एम.एड.च्या एका विद्यार्थिनीचे असेच प्रकरण आले होते. शिक्षणाचा हक्क आणि आई होण्याचा हक्क यांतला एक निवडायला बाईला भाग पाडता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. पुरुष शिकता शिकता बाप होतो तेव्हा त्याच्या हजेरीत फरक पडत नाही, हे न्यायालयाने लक्षात घेतले.

मग माझ्या शंकेचे काय? एक कसोटी मी लावून पाहिली. हेच काम, पण बसायला खुर्ची, नाइटनंतर झोप, गरोदरपणात एक्स-रे आणि संसर्गाच्या वॉर्डापासून दूरची ड्यूटी, नियमाचा पगार, आणि खाडा भरून काढायला बाळंतपणानंतरची मुदत. अशा कामाबद्दल मला शंका राहील का? थकव्याचा आणि पैशाचा पदर बराचसा गळून पडतो. म्हणजे ती शंका नर्सिंगबद्दल नव्हती, अटींबद्दल होती. पण थोडीशी उरते. दुसऱ्याच्या वेदनेजवळ रोज उभे राहायचे, आणि घरी जाऊन पुन्हा एका लहान जिवाजवळ उभे राहायचे, यासाठी लागणारे काहीतरी माझ्यात आहे की नाही, हे मला अजून माहीत नाही. ही उरलेली शंका माझी स्वतःची आहे. तिचा दोष कोणत्याही तक्त्यावर टाकता येत नाही.

तिच्याबद्दल एक विचार मला उपयोगी पडला. तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी २०१४ च्या 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्स्पीरियन्स' या पुस्तकात म्हटले आहे की काही अनुभव माणसाला इतके बदलतात की त्यांच्या अलीकडून पलीकडचे मोल ठरवता येत नाही. मूल होणे हे त्यांचे ठळक उदाहरण. हे पटले तर घरच्यांचे म्हणणे, बाळंत झालीस की सगळे जागेवर येईल, अर्धेच खरे ठरते. बाळंत झालेली बाई वेगळी असेल हे खरे. पण ती 'जागेवर' येईल म्हणजे माझी शंका सोडून देईल, हे कुणाला माहीत आहे? ती माझ्याहून जास्त ठामपणे नाही म्हणेल, किंवा मला आज जे कळत नाही त्याच्या जोरावर हो म्हणेल. निर्णय तिचा आहे. माझ्याकडे काम एवढेच की तिच्यासाठी दार बंद होऊ द्यायचे नाही. शिक्षण आज सोडले तर तिला निवडायला काही उरत नाही. आणि शरीर मोडून ते वेळेत पूर्ण केले तर तिच्या हाती पदविका येईल, पण ती वापरण्याची ताकद येईल याची खात्री नाही.

म्हणून मी एक अर्ज दिला आहे. आठव्या महिन्यापासून नाइट आणि संसर्गाचे वॉर्ड नकोत, बाळंतपणानंतर विश्रांती, आणि राहिलेले सगळे दिवस त्यानंतर भरून देण्याची परवानगी. अर्जात मी 'कृपया सहानुभूतीने विचार व्हावा' हे वाक्य घातले नाही. मैत्रिणी म्हणाल्या घाल, नाहीतर उद्धट वाटेल. उत्तर अजून आलेले नाही. आले तर दिवस भरीन, परीक्षा देईन, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवीन. ते नाव वापरायचे की नाही, हे त्यानंतर ठरेल. सासूबाईंना अर्ज वाचून दाखवला. त्यांना त्यातले अर्धे शब्द कळले नाहीत, पण राहिलेले दिवस नंतर भरून देता येतील या ओळीवर त्यांनी मला थांबवले आणि पुन्हा वाचायला सांगितले. 'असं लिहून देता येतं व्हय?' त्यांनी विचारले.